धागा: बहिणीच्या उपचारात जुनी जखम आधी उघडायची की नंतर?

उंबरठा | ८ जुलै, रात्री ११:२०
इथे बरीच वर्षं नुसती वाचते. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटी बहीण २६ वर्षांची. आम्ही मूळच्या कोल्हापूरकडच्या, सध्या दोघी पुण्यात भाड्यानं राहतो. गेल्या दोन वर्षांत तिनं दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वाचली. सध्या गोळ्या चालू आहेत, नोकरीवर जाते, हसतेही मधूनच. फाइलवर दोन नावं आहेत, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना टोकाला जातात, आवरत नाहीत) आणि पीटीएसडी (जुन्या भयंकर अनुभवाचा मागे राहिलेला त्रास). लहानपणी नात्यातल्या एका माणसानं तिच्याशी जे केलं ते घरात तिनं फक्त मला सांगितलंय. आईच्या मते बाहेरचं काहीतरी आहे, वाडीला नेऊन आणू या. बाबा काहीच बोलत नाहीत.

घोळ असा की सायकियाट्रिस्ट म्हणतात, "आत्ता त्या जुन्या विषयाला हात लावू नका, तिला आधी स्थिर होऊ दे." काउन्सेलर म्हणतात, "मूळ तिथंच आहे, ते काढल्याशिवाय ही स्थिर होणारच नाही." दोघंही चांगले आहेत. मध्ये मी. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, आधी काय करायचं?

संपादक मंडळ | ८ जुलै, रात्री ११:४८
या धाग्यावर कुणीही प्रयत्न 'कसा' केला याचे तपशील लिहू नयेत, असे प्रतिसाद काढले जातील. वाचताना कुणाला स्वतःबद्दल तसे विचार येत असतील तर टेली-मानस १४४१६, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. धागा चालू राहू द्या.

खडूस_काका | ९ जुलै, सकाळी ६:१०
हल्ली प्रत्येक दुःखाला इंग्रजी नाव मिळतं आणि नावाबरोबर बिल. आमच्या वेळी घरात दहा माणसं असायची, रडायलाही जागा नव्हती. आपोआप बरी व्हायची माणसं.

भेंडी_गवार | ९ जुलै, सकाळी ८:३२
काका, बरी झाली की गप्प झाली?

वॉर्ड_नंबर_दहा | ९ जुलै, दुपारी २:०५
सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात काम करतो. नाव आणि गाव विचारू नये, ओपीडीत ओळखलो जाईन.

उंबरठा, तुमच्या डॉक्टरांना उगाच घाबरट समजू नका. आमच्यासमोर रात्री दोन वाजता आणलेली मुलगी असते, आणि तीन दिवसांपूर्वी कुणीतरी एका बैठकीत तिच्याकडून सगळं वदवून घेऊन तिला तशीच घरी पाठवलेलं असतं. पोट उघडायचं आणि टाके न घालता रिक्षात बसवायचं, त्यातला प्रकार. हे पाहिलेला माणूस 'हात लावू नका' म्हणणारच.

पण दुसरी बाजूही खरी आहे. 'स्थिर होऊ दे' म्हणून फाइल बंद होते ती उघडतच नाही. आमच्या ओपीडीत एका पेशंटला मिनिटं मोजून मिळतात, तेवढ्यात झोप कशी, भूक कशी, गोळ्या वाढवू का, संपलं. बॉर्डरलाइनसाठी खास असं एकही औषध नाही. उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २००९ सालीच सांगितलं की निव्वळ या विकारासाठी औषधं देऊ नयेत. सोबत डिप्रेशन असेल, झोप उडाली असेल तर त्यापुरती द्यावीत. खरं काम बोलण्याच्या उपचाराचं, आणि तिथंच आपल्याकडे माणसं कमी.

एक गोष्ट आजच करा. घरात गोळ्यांचा महिन्याचा साठा नको. आठवड्यापुरत्याच आणा आणि तुमच्या ताब्यात ठेवा. तिच्या पाठीमागे लपवाछपवी करू नका, तिला सांगून, तिच्या संमतीनं करा.

उंबरठा | ९ जुलै, रात्री ९:४०
गोळ्यांचं आजच केलं. ती म्हणाली, "बरं झालं, तू विचारलंस. मला सांगायला लाज वाटत होती." धन्यवाद डॉक्टर.

सिअ‍ॅटलकर | १० जुलै, पहाटे ४:१५
(आमच्याकडे दुपार आहे.) मी इथं एका क्लिनिकमध्ये सोशल वर्कर आहे, गेली नऊ वर्षं डीबीटीचे गट घेते. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, भावना उसळल्या की स्वतःला सांभाळायची कौशल्यं शिकवणारा बोलण्याचा उपचार. तिचं माहेर आमच्याच गावातलं, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. मार्शा लाइनहान यांनी ती उभी केली आणि वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवरचा पहिला तुलनात्मक अभ्यास १९९१ साली छापला. २००६ च्या अभ्यासात १०१ स्त्रिया होत्या. एका गटाला डीबीटी, दुसऱ्याला शहरातले नावाजलेले थेरपिस्ट. दोन वर्षांत डीबीटीच्या गटात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्मे झाले.

पुढे २०११ साली लाइनहान बाईंनी हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की सतराव्या वर्षी मी इथंच पेशंट म्हणून भरती होते. मी ते वाचलं तेव्हा बसमध्ये होते, माझा उतरायचा स्टॉप गेला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. डीबीटीत पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी जीव वाचवणं, मग उपचार बुडवणाऱ्या सवयी, मग बाकी आयुष्य. आघाताचं काम, म्हणजे त्या जुन्या आठवणींना हात घालणं, दुसऱ्या टप्प्यात. अडचण अशी झाली की बायका पहिला टप्पा पार करायच्या, प्रयत्न थांबायचे, पण वाईट स्वप्नं आणि दचकणं तसंच राहायचं आणि दुसरा टप्पा कुणी सुरूच करायचं नाही. म्हणून मेलनी हार्नेड यांनी एडना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्सपोजर पद्धत (त्या आठवणीला पुन्हापुन्हा सामोरं जायचं) डीबीटीत बसवली. त्याच्या अटी लेखी आहेत: किमान दोन महिने प्रयत्न नाही आणि स्वतःला इजाही नाही, लगेचचा धोका नाही, भावना उसळली तर पळून न जाता तिच्यासोबत थांबता येतं, आणि पेशंटला स्वतःला हे काम करायचंय. मधे पुन्हा इजा झाली तर आघाताचं काम थांबवून मागे यायचं. २०१४ चा अभ्यास २६ स्त्रियांचाच, लहान आहे. पण ज्याची सगळ्यांना भीती होती तसं झालं नाही. जुनं उघडल्यामुळे प्रयत्न वाढले नाहीत, उलट कमी दिसले.

म्हणजे 'स्थिर होऊ दे' याला मोजमाप आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा, "स्थिर म्हणजे नक्की काय झालं की आपण सुरू करू?" उत्तरात एखादी तरी ठोस अट यायला हवी.

भेंडी_गवार | १० जुलै, सकाळी ९:०१
प्रतिसाद साठवून ठेवला. एक बाळबोध शंका: 'व्यक्तिमत्त्व विकार' म्हणजे माणसातच खोट आहे असं वाटत नाही का? मला कुणी असं म्हटलं तर मी त्या डॉक्टरकडे परत जाणार नाही.

वॉर्ड_नंबर_दहा | १० जुलै, दुपारी १:५०
वाटतं. आणि आमच्या धंद्यात तो शब्द शिवीसारखा वापरतातही. 'बॉर्डरलाइन आहे' म्हटलं की मागून 'नाटकं करते' येतंच. एकदा हा शिक्का बसला की तिच्या खऱ्या धोक्याकडेही दुर्लक्ष होतं, आणि ते महागात पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, २०२२ पासून कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे निदान आलंय. ही कल्पना जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच मांडली होती: एक अपघात वेगळा आणि वर्षानुवर्षं, पळता न येणारा छळ वेगळा. काही पेशंटना ते नाव जास्त बसतं. काहींना दोन्ही बसतात.

मिरजमसाला | १० जुलै, दुपारी ३:२२
अवांतर: ट्रॉमाला मराठीत 'आघात' म्हणतात पण माझी आजी 'धसका' म्हणायची. "पोरीनं धसका घेतलाय." किती नेमका शब्द!

खडूस_काका | १० जुलै, संध्या. ५:००
धसका एकदाच बसतो. वर्षानुवर्षं चालतं त्याला धसका म्हणत नाहीत. 'हाय खाणे' म्हणा.

मिरजमसाला | १० जुलै, संध्या. ५:०९
हाय खाल्लेलं माणूस खंगत जातं हो काका. ही मुलगी नोकरी करतेय.

भेंडी_गवार | १० जुलै, संध्या. ५:११
दोघांनी वेगळा धागा काढा. पण काका, आजीच्या शब्दावरून का होईना, आजार आहे हे तुम्ही मान्य केलंत :)

रानजाई | ११ जुलै, रात्री १०:३०
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिक. सिअ‍ॅटलकर यांच्याशी थोडी असहमती.

त्या अटी चांगल्या आहेत, पण अमेरिकेत पहिल्या टप्प्याला गट, वैयक्तिक सेशन, अडचणीत फोन करायची सोय असं सगळं असतं. आपल्याकडे पहिला टप्पा म्हणजे गोळ्या आणि 'मन रमव'. यावर कोण दोन महिने इजा न करता राहणार? म्हणजे अट पुरी होत नाही म्हणून आघाताचा उपचार नाही, आणि आघाताचा उपचार नाही म्हणून अट पुरी होत नाही. बाई चकरा मारत राहते.

जर्मनीत मानहाइमला मार्टिन बोहुस यांनी डीबीटी-पीटीएसडी म्हणून वेगळी रचना केली. लहानपणीच्या अत्याचारातून आलेला पीटीएसडी आणि सोबत बॉर्डरलाइनची लक्षणं, अशाच स्त्रियांसाठी. त्यात कौशल्यं आणि आघाताचं काम एकाच वर्षात गुंफलेलं आहे. २०२० मध्ये १९३ स्त्रियांवरचा अभ्यास आला, तुलना सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) या पीटीएसडीच्या दुसऱ्या नावाजलेल्या उपचाराशी. दोन्हींनी फरक पडला, डीबीटी-पीटीएसडीनं थोडा जास्त, आणि तो मध्येच सोडणाऱ्याही कमी. म्हणजे या बायका नाजूक काचेच्या नाहीत.

तरी त्या काउन्सेलर ताईंना जरूर विचारा की आघाताच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय आणि त्यांच्या कामावर देखरेख कुणाची आहे. दोन दिवसांचं शिबिर करून 'ट्रॉमा स्पेशालिस्ट' अशी पाटी लावणारे माझ्याच गल्लीत दोन आहेत. "आठवतं तेवढं सगळं सांग" हा उपचार नव्हे.

सिअ‍ॅटलकर | १२ जुलै, पहाटे ३:४०
रानजाई, चकरेचा मुद्दा मान्य. पण जर्मनीतही आधी कौशल्यं, मग आठवणी, असाच क्रम आहे ना? फक्त वाट बघायचा काळ छोटा.

रानजाई | १२ जुलै, सकाळी ७:१५
हो. आणि वाट बघताना हातात काम दिलेलं. तोच तर फरक.

निशिगंध | १३ जुलै, दुपारी ४:४४
तीन दिवस लिहू की नको करत होते. मी ३४ वर्षांची, दोन्ही लेबलं माझ्याही फाइलवर होती. मुंबईत उपचार घेतले. पैशांचं विचाराल तर नवऱ्यानं बाइक विकली आणि मी दर महिन्याला ती परत आणायचं वचन देते.

आधी चौदा महिने नुसती कौशल्यं. मला राग यायचा. मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगायला आलेय आणि ही बाई मला म्हणते, गार पाण्यात तोंड बुडव! पण तोच प्रकार पहिल्यांदा उपयोगी पडला. डोकं फुटायची वेळ आली की परातीत बर्फाचं पाणी, श्वास रोखून तोंड आत, अर्धा मिनिट. धडधड खरंच उतरते. (हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) आमच्या फ्रीजरमध्ये कुल्फीच्या साच्यांशेजारी 'निशीचा बर्फ, हात लावू नये' असा डबा होता. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, सुनेच्या पित्ताला लागतो.

रोज एक कार्ड भरायचं. आज मरावंसं वाटलं का, शून्य ते पाच. कोणतं कौशल्य वापरलं. मी त्याला हजेरीपट म्हणायचे. तीन महिन्यांनी मागे वळून बघितलं तर पाच सगळे रविवारी संध्याकाळी होते. रविवारी संध्याकाळीच माहेरचा फोन यायचा. हे मला आधी कधी दिसलंच नव्हतं.

मग आठवणींचं काम. डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगायची, आवाज रेकॉर्ड करायचा, घरी रोज ऐकायचा. पहिल्या आठवड्यात उलट्या झाल्या. त्या काळात थेरपिस्टला फोन करता यायचा, नवऱ्याला सगळं माहीत होतं, आणि कागदावर लिहिलेली सुरक्षा योजना फ्रिजवर होती: कोणत्या खुणा दिसल्या की धोका, मग मी एकटी काय करणार, मग कुणाकडे जाणार, मग कुणाला फोन. सहाव्या आठवड्यात ऐकता ऐकता मी चक्क जांभई दिली. थेरपिस्ट म्हणाली, ही जांभई फार महाग आहे, जपून ठेव.

पहिल्याच महिन्यात मला त्या रेकॉर्डिंगला बसवलं असतं तर आज मी हा प्रतिसाद लिहीत नसते असं मला वाटतं. पण 'तो विषय नकोच' म्हणून सोडलं असतं तरी मी आयुष्यभर बर्फावरच जगले असते.

भेंडी_गवार | १३ जुलै, संध्या. ६:००
निशिगंध, दंडवत. विनोद सुचत नाहीये, पहिल्यांदाच.

खडूस_काका | १३ जुलै, रात्री ८:२०
बाइक कुठली होती?

निशिगंध | १३ जुलै, रात्री ८:४१
बुलेट. जखमेवर मीठ चोळू नका काका.

काळाकोट | १४ जुलै, सकाळी ११:००
कायद्याचं थोडक्यात, कारण लोक पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात खोटं सांगतात आणि उपचार चुकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं उलट सिद्ध होईपर्यंत धरायचं, शिक्षा नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ आलेलंच नाही. २२६ आहे, पण ते सरकारी माणसावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नापुरतं. विम्यासाठी २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) दाखवा, मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकाच हक्क. मात्र बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, आठवड्याच्या सेशनला नाही.

मिरजमसाला | १४ जुलै, दुपारी १२:१०
पण या आजारातून माणूस पूर्ण बाहेर येतो का? माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं, आयुष्यभराचं आहे.

वॉर्ड_नंबर_दहा | १४ जुलै, रात्री ११:३०
चुकीचं सांगितलं. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटना वर्षानुवर्षं धरून ठेवलं. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली. नोकरी, नाती यांसकट सावरलेले मात्र निम्मेच. लक्षणं जातात, आयुष्य उभं करायला वेळ लागतो.

रानजाई | १४ जुलै, रात्री ११:४०
उंबरठा, एक विचारायचं राहिलं. तो माणूस अजून तुमच्या घरी येतो का?

उंबरठा | १५ जुलै, रात्री १२:५५
रानजाई, तुमचा प्रश्न वाचून फोन खाली ठेवला होता.

हो. दर गणपतीत, पाच दिवस. बाबांचा चुलतभाऊ. आरतीचं ताट त्यांच्याच हातात असतं. दोन्ही प्रयत्न गणपतीनंतरच्या महिन्यातले. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

निशिगंध | १५ जुलै, सकाळी ६:०२
तुमचे रविवार सापडले.

रानजाई | १५ जुलै, सकाळी ७:०५
मग क्रमच बदलला. आठवणींचं काम 'धोका होऊन गेला, आता तू सुरक्षित आहेस' हे शरीराला पटवून देण्यासाठी असतं. धोका दरवर्षी जेवायला बसत असेल तर तिचं दचकणं हा आजार नाही, शहाणपण आहे. आधी तो माणूस आणि ती एका छताखाली येणार नाहीत एवढं करा. पण तिला विचारून. तिच्या वतीनं परस्पर घरात स्फोट करू नका, तिनं कुणाला सांगायचं हा निर्णय तिचा आहे. आणि गणपतीनंतरचा महिना दोन्ही डॉक्टरांना आजच सांगा.

वॉर्ड_नंबर_दहा | १५ जुलै, दुपारी २:२०
रानजाई यांना पूर्ण अनुमोदन. त्या महिन्यातल्या भेटी आत्ताच ठरवून ठेवा, आठवड्याला एक. आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायची तुमच्या बहिणीकडून लेखी परवानगी द्या. निम्मे घोळ तिथंच सुटतात.

काळाकोट | १५ जुलै, दुपारी २:४५
तक्रार करायची की नाही हा प्रश्न नंतरचा आणि तिचा. करायची ठरली तर व्यनि (खासगी निरोप) करा, फी नाही.

खडूस_काका | १५ जुलै, संध्या. ५:३०
घरच्या थोरल्या माणसाला 'या वर्षी येऊ नको' सांगायला दुसरा थोरला लागतो. तुमच्या बाबांशी बोलायला कुणी हवं असेल तर मी कोल्हापुरातच असतो. कारण सांगायची गरज नाही मला, आणि त्यांनाही सांगणार नाही. नुसता चहाला जातो.

उंबरठा | १० सप्टेंबर, रात्री १०:१५
उशिरा लिहितेय, पण बातमी द्यायची होती.

बहिणीनं ठरवलं, गावी जायचं नाही. आईला आम्ही फक्त एवढंच सांगितलं की ते चुलतकाका येणार असतील तर ती येणार नाही. आई खूप रडली, चिडली. बाबा दोन दिवस गप्प होते आणि मग त्यांनी स्वतः त्या काकांना फोन केला. काय बोलले माहीत नाही. ते आले नाहीत. (इथल्या खडूस_काकांच्या चहाबद्दल इथं लिहायला बंदी आहे, त्यांची अट.) आम्ही दोघींनी पुण्यातच दीड दिवसाचा बसवला. मोदक फुटले सगळे.

डॉक्टर आणि काउन्सेलर फोनवर बोलले. सध्या कौशल्यं, कार्ड आणि आठवड्याला भेट. इजा न करता नऊ आठवडे झालेत. मागच्या मंगळवारचा दिवस वाईट होता, रात्रभर जागलो, १४४१६ लाही फोन केला. आठवणींचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं का, यावर ती स्वतः म्हणाली, "बघू. पण मला करायचंय."

निशिगंध, तुमच्या हजेरीपटाची प्रत मिळेल का? तिला दिलेलं कार्ड इंग्रजीत आहे, ती म्हणते इंग्रजीत मला वाईट वाटतच नाही.

निशिगंध | १० सप्टेंबर, रात्री १०:५०
पाठवते. मीच मराठी करत होते, एका ठिकाणी अडलेय. कौशल्यांचा एक अख्खा गट आहे, 'डिस्ट्रेस टॉलरन्स'. म्हणजे वाईट क्षण आणखी वाईट न करता निभावून न्यायचा. 'ताण सहनशीलता' लिहिलंय पण ते सरकारी फॉर्मसारखं वाटतं.

मिरजमसाला | १० सप्टेंबर, रात्री ११:०२
'सोसणं'?

भेंडी_गवार | १० सप्टेंबर, रात्री ११:०४
सोसायला सगळ्याच बायकांना आधीच शिकवलेलं असतं. तो नको.

खडूस_काका | ११ सप्टेंबर, सकाळी ६:०५
कळ काढणे. "जरा कळ काढ, उतरेल."

निशिगंध | ११ सप्टेंबर, सकाळी ६:३०
हाच. टाकला कार्डावर.